खळीतलं मेण

सलायना, कॅन्सस
१९ जून १९३२

प्रिय ऑर्फा हिस,
स. न. वि. वि.

मी जिवंत आहे, दोन्ही पाय जागेवर आहेत आणि आईने बांधून दिलेली बिस्किटं पहिल्याच दिवशी संपली. हे आधी लिहितो, कारण तू पाकीट फोडलंस की आई पाठीमागून हेच विचारणार.

गव्हाच्या कापणीचं काही जमलं नाही. एका शेताला दहा माणसं हवीत आणि फाटकाशी शंभर उभी. भट्टी बंद पडली तेव्हा वाटलं होतं, विटा थापणारे आपणच तेवढे बेकार झालो. इथे शिक्षक आहेत, न्हावी आहेत, एक तर बँकेत कारकून होता. सगळे मालगाडीच्या डब्यात मांडीला मांडी लावून बसलेले.

चालत्या मालगाडीत चढणं मला वाटलं तेवढं सोपं नाही. पहिल्या खेपेला शिडीचा हात सुटला आणि खडीवर गुडघे फुटले. दुसऱ्या खेपेला उघड्या दारातून एक हात आला, त्याने माझी कॉलर धरली आणि मांजराचं पिल्लू उचलावं तसं मला आत ओढलं. तो टकोमा. इथे खरं नाव कुणी विचारत नाही, गावाचं नावच माणसाला चिकटतं. मला आता सगळे सेडेलिया म्हणतात! टकोमा बुटका आहे, चणीने बारीक, टोपी डोळ्यांवर ओढलेली, बोलतो कमी. पण या रस्त्यावरचं सगळं त्याला पाठ आहे.

त्याच्याकडून मी इथली भाषा शिकतोय. रुळांजवळ चूल मांडून सगळे जमतात त्या जागेला जंगल म्हणतात, मग तिथे एक झुडूप का नसेना. रेल्वेचे पोलीस म्हणजे बैल. आणि एखाद्या बाईच्या दारात उभं राहून, आपली कर्मकहाणी रंगवून जेवण मिळवायचं, याला म्हणतात भुताची गोष्ट सांगणं. मला ती काही जमत नाही. मी खरं तेच सांगतो आणि दार बंद होतं. टकोमा म्हणतो, सेडेलिया, खरं कुणाला ऐकायचं असतं?

आता पश्चिमेकडे निघालो. पुढचं पत्र शायेनच्या पोस्टात ठेवून घ्यावं म्हणून लिहून टाक, मी जाऊन विचारेन.

आईला नमस्कार. लोभ आहेच, मी लांब आहे म्हणून तो आखडता घेऊ नकोस.
तुझा लेलंड

*

सेडेलिया, मिझुरी
२९ जून १९३२

प्रिय लेलंड यास,
स. न. वि. वि.

पत्र पोचलं. आईंनी ते रविवारी चर्चच्या पायरीवर सगळ्यांना वाचून दाखवलं. गुडघे फुटले तिथे बायका हळहळल्या, बँकेच्या कारकुनापाशी पुरुषांनी माना हलवल्या. मी मागे उभी होते. नवरा माझा, पत्र मला, आणि ऐकायला मला चौथ्या रांगेत जागा!

खरं सांगू का, मला तुझा हेवा वाटतो. तू कॅन्सस पाहिलंस, आता डोंगर पाहशील. मी काय पाहते, तर दुसऱ्यांच्या नवऱ्यांचे शर्ट. धुणं आता अकरा घरांचं झालंय. एवढ्या उन्हाळ्यात चुलीवर इस्त्र्या तापवायच्या, आणि वर ही खळ! या दमट हवेत इस्त्री खळीला चिकटते, ओढली की कॉलर पिवळी पडते. काल डॉक्टरांचा शर्ट जळला. आई म्हणाल्या, आमच्या काळी शर्ट जळत नसत. मी म्हटलं, तुमच्या काळी सासूबाई, नवरे घरी असत.

आता तुझ्या टकोमाबद्दल. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्याचं नाव माझ्या नावापेक्षा जास्त वेळा आलंय. तो तुला ओढून घेतो, शिकवतो, चुलीपाशी तुझ्या शेजारी बसतो. मी लग्नानंतर चार वर्षं सांगतेय की अरे, सावकाश चावून खा, आणि तू ऐकत नाहीस. त्याने सांगितलं तर ऐकशील बहुतेक. रागावू नकोस. बाईचा हेवा करायची सोय असती तर केला असता. इथे एका बुटक्या भटक्याचा करावा लागतोय.

आईंचे आशीर्वाद. माझा लोभ पाकिटात घातलाय, पोस्टात कुणी काढून घेतला नाही ना ते बघ.
तुझी ऑर्फा

*

शायेन, वायोमिंग
१६ जुलै १९३२

प्रिय ऑर्फा हिस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं आणि जंगलात मोठ्याने वाचलं. सासूबाई, नवरे घरी असत, या वाक्याला सगळे हसले. इथे आता तुला सगळे ओळखतात.

इथे थोडं थांबावं लागलं. टकोमाला ताप भरला होता. तीन दिवस टकोमाच्या उशाशी बसून मी पाणी पाजलं, चौथ्या दिवशी उतार पडला. मग टकोमाने माझे केस कापून दिले, कारण माझ्या डोक्यात काय वस्ती झाली होती ते आईला सांगू नकोस.

तुझ्या इस्त्रीचं टकोमाला सांगितलं. टकोमाचा निरोप असा: खळ गरम असताना तिच्यात मेणबत्तीचा चण्याएवढा तुकडा विरघळव आणि चिमूटभर मीठ टाक. इस्त्री चिकटणार नाही आणि कॉलरला चकाकी येईल. करून बघ.

इथून आम्ही याकिमाला जातो, वॉशिंग्टन राज्यात. ऑगस्टअखेर तिथे बिअरमध्ये घालतात त्या हॉपच्या वेलांची तोडणी लागते, माणसं लागतात म्हणतात. पत्र याकिमाच्या पोस्टात पाठव.

डोंगर पाहिले. ते लांबून निळे दिसतात आणि जवळ गेलं की नुसते दगड. तू हळहळण्यासारखं काही नाही.

लोभ सुखरूप पोचला. परतफेड सोबत.
तुझा लेलंड

*

सेडेलिया, मिझुरी
१ ऑगस्ट १९३२

लेलंड यास,
न. वि. वि.

मेण टाकलं. मीठ टाकलं. इस्त्री बर्फावरून सरकावी तशी सरकली. बँकेच्या मॅनेजरची बायको कॉलरवरून बोट फिरवून म्हणाली, ऑर्फा, काय जादू केलीस गं? आणखी दोन घरांचं धुणं आलं. आई तर टकोमाचं नाव घेऊन टेबलाशी प्रार्थना करतात, की देवा, त्या गुणी मुलाला सांभाळ.

मी मात्र रात्रंदिवस एकच विचार करतेय. लेलंड, कुठल्या पुरुषाला हे माहीत असतं?

माझ्या वडिलांना इस्त्री कुठल्या बाजूने धरतात ते माहीत नव्हतं. तू तर खळ म्हणजे लापशी समजून चाखली होतीस. मग मी तुझी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली. पहिल्या पत्रात टकोमा ‘तो’ आहे. तो म्हणतो, तो बोलतो, तो बारीक आहे. दुसऱ्या पत्रात टकोमाने केस कापले, टकोमाला ताप आला, टकोमाचा निरोप. पानभर नाव, आणि एकदाही ‘तो’ नाही. तुला खोटं बोलता येत नाही, म्हणून तू वाक्यंच तशी वळवलीस. भुताची गोष्ट तुला अजून जमत नाही रे.

तीन दिवस उशाशी बसलास. मला गेल्या हिवाळ्यात खोकला झाला तेव्हा तू कोठारात झोपायला गेला होतास.

ती कोण आहे ते लिही. लोभाचं नंतर बघू.
ऑर्फा

*

याकिमा, वॉशिंग्टन
२० ऑगस्ट १९३२

प्रिय ऑर्फा,
स. न. वि. वि.

तुला फसवता येईल असं मला वाटलं तरी कसं!

हो, ती बाई आहे. विनी स्कॉग तिचं नाव. टकोमाच्या एका हॉटेलात धुण्याच्या खोलीत नऊ वर्षं होती. हॉटेल बंद पडलं, घर सुटलं, तेव्हा तिने केस कापले आणि पुरुषाचे कपडे घातले. एकट्या बाईचं या डब्यांमधून काय होतं ते मी तुला लिहिणार नाही, पण मी एकदा दुरून पाहिलंय, आणि जेवण गेलं नव्हतं मला दोन दिवस. शायेनला तापात ती बरळली तेव्हा मला कळलं. शुद्धीवर आल्यावर तिने माझ्याकडून वचन घेतलं, की कुणाला सांगायचं नाही, बायकोला पण नाही. ते मी आज मोडतोय.

आमच्यात काही नाही. ती चुलीच्या त्या बाजूला झोपते, मी या बाजूला. पण मी बरोबर असलो की तिच्याकडे कुणी दोनदा बघत नाही, आणि ती बरोबर असली की मी गाडीखाली जात नाही. एवढाच व्यवहार. तू इथे असतीस तर तुला ती आवडली असती, असं लिहिणार होतो, पण तुझा चेहरा डोळ्यांसमोर आला.

खोकल्याचं विसरलो नव्हतो. तेव्हा चुकलोच.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.
तुझा लेलंड

*

सेडेलिया, मिझुरी
१ सप्टेंबर १९३२

लेलंड यास,

आवडली असती! मला? तुझ्या पत्रात हॉटेल आहे, ताप आहे, वचन आहे, आणि ती तुला गाडीखाली जाऊ देत नाही हेही आहे. मग मी कशाला आहे? जळणाऱ्या शर्टांना?

तुमच्यात काही नसेल, मानलं. पण ती रोज तुझं तोंड बघते. तू कशाला हसलास, कशाला चिडलास, तिला माहीत आहे. मला पंधरा दिवसांनी, शाईतून कळतं. गेले तीन महिने तुझं जे काही झालं ते सगळं तिच्या वाट्याला आलं आणि माझ्या वाट्याला पोस्टाचा शिक्का. माझ्या घरातल्या खळीतसुद्धा ती येऊन बसली आहे. मी काल ती सगळी ओतून दिली आणि पुन्हा कॉलरी जाळल्या.

आईंना सांगितलं नाही. त्या अजून त्या गुणी मुलासाठी प्रार्थना करतात.

हे पत्र जिथे मिळेल तिथे तिला सोड. त्याच दिवशी. नाहीतर तू तिच्याच गावाचा हो, सेडेलिया म्हणवून घेऊ नकोस. लोभ असावा वगैरे मी आज लिहीत नाही.
ऑर्फा

*

सेडेलिया, मिझुरी
४ सप्टेंबर १९३२

प्रिय लेलंड,
स. न. वि. वि.

आधीच्या पत्राच्या पाठोपाठ हे धावतंय. देवाने दोन्ही एकदम तुझ्या हातात द्यावीत.

तीन दिवस झाले, माझा राग कमी झालेला नाही. पण तू दुरून पाहिलंस आणि दोन दिवस जेवला नाहीस, ते वाक्य मला सोडत नाही. मी इस्त्री फिरवते आणि ते वाक्य पुढे येतं. मी अंगणात कपडे वाळत घालते, तिथेही येतं.

तिला असं मध्येच सोडू नकोस. बायकांना उतरवून घेणारं एखादं चर्च असेल, एखादी खाणावळ असेल, जिथे दाराला आतून कडी आहे. तिथे तिला पोचव, मग सोड. मी तिचा हेवा करते आणि करत राहणार, तो माझा हक्क आहे. पण माझ्या हेव्यापायी कुणाचं वाईट झालं, हे मला माझ्या पदरी नको.

लोभ परत सुरू करते, थोडा थोडा.
तुझी ऑर्फा

*

पेंडलटन, ऑरेगन
१० सप्टेंबर १९३२

ऑर्फा हिस,
न. वि. वि.

तुझं एक तारखेचं पत्र सहा तारखेला मिळालं. सात तारखेला सकाळी मी तिला सोडलं.

कसं, ते लिहितो, म्हणजे पुन्हा विचारू नकोस. ती गावात गेली होती, आम्हा दोघांसाठी काही खायला मिळतं का बघायला. मी गाठोडं उचललं आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीत चढलो. तोंडावर सांगायचं धैर्य झालं नाही. गाडी वळणावर हळू झाली तेव्हा ती रस्त्यावरून परत येताना दिसली, हातात कागदात बांधलेलं काहीतरी. तिने मला पाहिलं नाही.

तुला हवं होतं ते झालं. आता मी एकटाच फिरतो. ऑक्टोबरात कोलोरॅडोला बीट उपटायचं काम असतं, तिकडे जाईन. पत्र ग्रीलीच्या पोस्टात टाक. टाकावंसं वाटलं तर.
लेलंड

*

कॅन्सस सिटी, मिझुरी
१७ ऑक्टोबर १९३२

श्रीमती ऑर्फा क्राउझ यांना,
विनी स्कॉगचा नमस्कार.

माझं अक्षर वाईट आहे, आणि आता कागद धरायला डावा हात चालत नाही, म्हणून आणखी वाईट दिसेल.

लेलंडला बैलांनी पकडलं असं मला वाटलं. मी तुरुंगात जाऊन चौकशी केली. दोन दिवस जंगलात वाट बघितली. मग पोस्टात गेले. आम्ही एकमेकांची पत्रं आणायचो, खिडकीतला माणूस ओळखत होता, त्याने तुमचं चार तारखेचं पत्र माझ्या हातात दिलं. दुसऱ्याचं पत्र फोडणं पाप आहे. मी फोडलं. त्याबद्दल क्षमा मागते.

त्या पत्रातून मला सगळं कळलं. मग मी ठरवलं, सेडेलियाला यायचं, तुमच्या दारात उभं राहून सांगायचं, की बाई, तुमच्या नवऱ्याने कधी माझ्याकडे वाकड्या नजरेने पाहिलं नाही. पाच आठवडे लागले यायला. कॅन्सस सिटीपर्यंत आले आणि पुढची गाडी सोडून दिली. कारण तुम्ही पुढचं विचारलं असतंत, आणि मला खोटं बोलावं लागलं असतं.

त्याच्याकडून काही नव्हतं. माझ्याकडून होतं. कुठलंही गाव आलं की बाकीचे भाकरीच्या मागे धावायचे, हा आधी पोस्टात जायचा. पत्र नसलं की दिवसभर तोंड पाडून बसायचा. असलं की आम्हा सगळ्यांना वाचून दाखवायचा, आणि मी हसायचे, आणि जळायचे. तुमच्यावर, तुमच्या सासूबाईंवर, तुमच्या इस्त्रीवरसुद्धा. खळीचा उपाय मी उगाच नाही सांगितला. तुमच्या घरात माझं काहीतरी जावं म्हणून सांगितला.

म्हणून मी परत फिरले आणि पश्चिमेची गाडी पकडायला धावले. आमच्या भाषेत माणूस मेला की त्याने पश्चिमेची गाडी पकडली म्हणतात. मी जवळजवळ दोन्ही पकडल्या. शिडी ओली होती. डाव्या हाताची तीन बोटं गेली. इथल्या दवाखान्यात लोक चांगले आहेत, महिनाअखेर सोडतील.

मला काही नको. तुमचं पत्र तुम्हाला परत करते आहे, ते तुमचं आहे. माझ्यासाठी कुणी असं काही लिहिलेलं मी पहिल्यांदाच वाचलं.
विनी स्कॉग

*

सेडेलिया, मिझुरी
६ नोव्हेंबर १९३२

प्रिय लेलंड यास,
स. न. वि. वि.

मी तुला दोन महिने लिहिलं नाही. तुझ्या दहा तारखेच्या पत्राला काय उत्तर द्यावं ते कळत नव्हतं. तिला सोड असं मी सांगितलं, हे खरं. पण ती तुझ्यासाठी न्याहारी आणायला गेली असताना पळून जा, हे मी सांगितलं नव्हतं. ते तुझं. तिला सोडायला लावलं, ते माझं.

मध्यंतरी तिचं पत्र आलं, ते सोबत पाठवतेय; त्यातच माझं तुला न मिळालेलं चार तारखेचं पत्रही आहे. आधी ते वाच आणि मग पुढे वाच.

वाचलंस? मी ते हातात घेऊन चुलीपाशी गेले होते. जाळणार होते. तेवढ्यात आई आत आल्या, त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि चष्मा लावून पूर्ण वाचलं. गुणी मुलगा कोण ते त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी चष्मा काढून घडी केला. मग म्हणाल्या, ऑर्फा, तुला काय करायचंय ते कर, पण आज रात्री मी प्रार्थनेत कुणाचं नाव घेऊ ते मला सांग. मला रडू आलं, रागाने आलं का कशाने, ठाऊक नाही.

दर मंगळवारी शेजारच्या होकबाईंचा अंड्यांचा ट्रक कॅन्सस सिटीला जातो, त्यात बसून मी गेले. वाटेत रुळांवरून एक लांबलचक मालगाडी आमच्याबरोबर धावली. दारात पाय सोडून माणसं बसली होती. लेलंड, माझे पाय शिवशिवले. तू डोंगर म्हणजे नुसते दगड म्हणून लिहिलंस, ते माझी समजूत घालायला, हे मला तेव्हा कळलं.

सबंध उन्हाळा मी मनात तिचं एक चित्र काढलं होतं. लाल ओठ, नागमोडी केस, काय काय. खाटेवर एक हडकुळी बाई होती, माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठी, केस शेळीने चरल्यासारखे, पुढे पांढरे. मी नाव सांगितलं तर तिने बँडेजचा हात पांघरुणाखाली लपवला. मला वाटलं होतं तिला बघून माझी जळजळ थांबेल. नाही थांबली. उलट वाढली, कारण मला ती आवडली. तू म्हणाला होतास तसंच. मला तुझा इतका राग आला!

घरी चल म्हटलं तर ती नको म्हणाली. तुम्हाला त्रास होईल म्हणाली. मी म्हटलं, होणारच आहे, तो मी इथूनच घेऊन आले आहे, तू उठ. ती हसली आणि मग रडली. अंड्यांच्या रिकाम्या टोपल्यांमध्ये बसून आम्ही आलो. सेडेलिया येईपर्यंत दोघींपैकी कुणी तुझं नाव काढलं नाही.

आता ती मागच्या खोलीत राहते. उजव्या हाताने इस्त्री करते, डाव्या मनगटाने कापड दाबून धरते, आणि माझ्यापेक्षा लवकर उरकते. धुणं आता एकोणीस घरांचं झालंय. आईंनी चार वर्षांत माझ्या सफरचंदाच्या पाईला बरं म्हटलं नाही. तिची पाई खाल्ली आणि दुसरा तुकडा मागितला. मी ताटली जरा जोरात आपटली असेन. ती लगेच म्हणाली, पुढच्या वेळी ऑर्फाच करेल. ही समजूतदारपणाची सवय तिची मला सहन होत नाही.

एकदा तिने मला सांगितलं, की तू झोपेत विटा मोजतोस. मला हे माहीत नव्हतं. ती चुलीच्या त्या बाजूने ऐकायची. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मीच विचारलं, किती विटांपर्यंत मोजतो? ती म्हणाली, शंभराच्या आत नेहमी चुकतो. आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता मला पुन्हा राग आला.

तू येणार असशील तर ती होकबाईंकडे राहायला जाईन म्हणते. मी नको म्हटलं. तिला हाकलून मला नवरा मिळणार असेल तर तसला नवरा मला नको. ही परीक्षा तुझी आहे, तिची नाही. तिची मी घेऊन झाले आहे.

भट्टी अजून बंद आहे. इथे काम नाही, पण तिथेही बीट संपत आले असतील. परत ये. भाकरी चौघांना पुरते, आणि कमी पडली तर तूच कमी खा. आधी मागच्या खोलीत जाऊन तिची माफी माग, तिच्या तोंडावर, मी ऐकेन इतक्या मोठ्याने. मग माझ्याकडे ये.

आणि एक आत्ताच सांगून ठेवते. तू दार उघडशील तेव्हा आम्ही दोघी स्वयंपाकघरात असू. तुझी नजर आधी कुणाकडे जाते ते मी बघणार आहे. त्या वेळी ती खाली बघेल, असं तिने मला आपणहून कबूल केलंय.

मी खाली बघणार नाही.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेली,
ऑर्फा